यीस्टचं डोहाळजेवण

धायरी, पुणे
२४ नोव्हेंबर २०२४

प्रिय कादू,

खूप आशीर्वाद. तब्येत कशी आहे? पायांवर सूज येते असं आई म्हणत होती. पाय उशीवर ठेवून पडत जा. केदाररावांना नमस्कार. इकडे रणजित, सासूबाई बरे आहेत. धायरीहून नारायण पेठेत पत्र पाठवणारी या शहरात मी एकटीच असेन, पण समोर बसून हे बोलणं मला जमणार नाही.

आधी बातमी. आमचं यीस्ट जगलं. तू नेहमी विचारतेस ना, ताई, तिथे करतेस तरी काय? भाताच्या पेंढ्यापासून गाडीत घालायचं इथेनॉल करायचं आहे. पेंढा आम्लात शिजवला की साखर सुटते, पण तिच्याबरोबर विषारी द्रव्यंही तयार होतात आणि यीस्ट त्यात मरतं. म्हणून आम्ही त्याला आधी थोडंसंच विष देतो. जे तगतं, त्यातलं थेंबभर पुढच्या बाटलीत, जरा जास्त विषात. दीड वर्ष हेच चाललंय. कितीदा तरी बाटली नितळच राहायची, म्हणजे सगळं मेलेलं. मग मागच्या साठ्यातून पुन्हा सुरुवात. परवा माझ्याबरोबर काम करणाऱ्या जुनेदने निव्वळ पेंढ्याच्या अर्कातली बाटली दाखवली. ताकासारखी गढूळ झाली होती. सरांनी पेढे आणले. माझा मी रुमालात गुंडाळून घरी आणला.

शेवटच्या बाटल्या जुनेदनेच सांभाळल्या, कारण त्याआधी महिनाभर मी लॅबमध्ये गेलेच नव्हते.

तुझ्या डोहाळजेवणाला मी आले नाही. बाटल्या सोडून येता येत नाही, असं रणजितने आईला कळवलं. त्यावर तू निरोप धाडलास, "ताईला म्हणावं, यीस्टचं डोहाळजेवण आटोपलं की कळव." लग्न होऊन पक्की पेठेतली झालीस. एरवी मी हसले असते.

कादू, त्या दिवशी मी हॉस्पिटलमध्ये होते. मलाही दिवस गेले होते. तिसरा महिना संपत आला होता. तुझी ओटी भरून झाली की सगळ्यांना सांगायचं, असं आम्ही ठरवलं होतं. आदल्या दुपारी लॅबमध्येच पोटात दुखायला लागलं. जुनेदने रिक्षा आणली आणि रणजित येईपर्यंत तो दवाखान्यात बसून राहिला. संध्याकाळपर्यंत सगळं संपलं होतं. बाटल्यांचं कारण मीच सांगायला लावलं. तुझ्या कार्यात माझं रडं नको होतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुष्कळ जणींचं असं होतं, कारण सापडतंच असं नाही. मी त्यांना आमच्या विषाचं नाव सांगितलं, फरफुरल. त्यांनी ते लिहून घेतलं, पण हो किंवा नाही, काहीच त्यांना सांगता आलं नाही. मी हातमोजे घालत होते, हवा ओढून घेणाऱ्या कपाटातच काम करत होते. तरी मन ऐकेना. त्या द्रव्याला बदामासारखा वास येतो. घरी आल्यावर सासूबाईंनी बदाम घातलेलं दूध पुढे केलं आणि मी पेलाच ढकलून दिला. मग त्यांना मनातली शंका सांगावी लागली. वाटलं, आता त्या बोलतील. त्यांनी सांडलेलं दूध पुसलं आणि माझ्याजवळ बसल्या.

"बाटल्यांनी न्हाय झालं," त्या म्हणाल्या. "रणजितच्या आधी माझं दोनदा झालं. तवा हितं कुठल्या बाटल्या? नुसतं शेत व्हतं." मग हातातल्या फडक्याची घडी घालत म्हणाल्या, "मी बी लई वर्सं इचार केला, काय खाल्लं, काय उचाललं. काय बी हाती लागत न्हाय बाई."

रणजितलाही हे ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं.

गेल्या सोमवारपासून लॅबमध्ये जाते. बाटल्यांना हात लावत नाही, सरांनी आकडेमोडीचं काम दिलंय. परवा ती बाटली पुढे धरून जुनेद म्हणाला, "तुझंच आहे हे, ऋतुजा. बघ तरी." मी पाहिलं. चांगलं झालं म्हणाले आणि तोंड धुऊन आले.

तुझ्यावर राग नाही. हेवा थोडा आहे, खोटं कशाला बोलू. म्हणून अजून काही दिवस तुझ्याकडे येणार नाही. तुला समोर पाहून माझा चेहरा कसा होईल ते मला सांगता येत नाही, आणि तो तुला दिसायला नको. तू मात्र माझ्यावरून स्वतःची धास्ती घेऊ नकोस. आईला मीच सांगेन.

बाळ झालं की लगेच मला फोन कर. मी उचलला नाही, तर पुन्हा कर.

तुझीच,
ताई