झिरा रुसला तेव्हा

आबा, आज सकाळी नळाला गढूळ पाणी आलं. सूनबाई म्हणाली, थोडा वेळ ठेवा, निवळेल. मी हो म्हटलं आणि तुम्हाला लिहायला बसले. निवळलेल्या पाण्यावर तुमचा कधी भरवसाच नव्हता. हंडा कलंडवून तळाशी काय बसलंय ते आधी बघायचात, आणि आई करवादायची की या माणसाला चहाचं पाणीसुद्धा तपासून लागतं.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. तुम्ही गावावरच्या खडीच्या खाणीवर मुकादम होता. रुळांखाली घालायची खडी तिथून जायची. खाण खोल गेली तसं तिच्यात पाणी लागलं, आणि तुम्ही बैल जुंपून मोटेनं ते उपसून नाल्यात सोडायला लावलं. खाली त्याच नाल्याच्या वाळूत आमचा झिरा होता. हातभर खड्डा, वाटीवाटीनं हंडा भरायचा, पण पाणी असं की तुरीची डाळ बघता बघता शिजायची. त्या हिवाळ्यात नाला ताकासारखा पांढरा झाला आणि झिरा आटला. बाया म्हणाल्या, रुसला. झिरा रुसला म्हणजे कुणीतरी तो विटाळला, हे आपल्याकडे ठरलेलंच. हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, पाणी काही येईना. मग नाव निघालं खाणीवर दगड फोडणाऱ्या भिल्ल बाईचं. तिच्या पाठीला तान्हं लेकरू बांधलेलं असायचं आणि हातात पाणी घ्यायला वाळक्या भोपळ्याची तुंबडी.

मला अजून दिसतंय. अर्धं गाव नाल्यात उभं आहे. काकू म्हणतेय, "तिनी तुंबडी टाकी म्हनीसन झिरा रुसना." उद्यापासून तिला इथे पाय ठेवू द्यायचा नाही, असं ठरतंय. तिनं जायचं कुठे? खाणीतलं पाणी सुरुंगाच्या दारूनं कडवट झालेलं, ते प्यायलं की लेकरांची पोटं जायची. ती नुसती लेकराला थोपटत उभी आहे. तेवढ्यात तुम्ही फावडं घेऊन येता. झिऱ्यात उतरून तळ खरवडायला लागता. दोन बोटं जाडीचा पांढरा थर निघतो, दगडाचं पीठ, भिजल्या कणकेसारखं चिकट. त्याखाली ओली वाळू, आणि हळूहळू पाणी. तुम्ही तिची तुंबडी मागून घेतलीत, भरलीत आणि सगळ्यांदेखत आधी स्वतः प्यालात. मग म्हणालात, "झिरा रुसना नही. मन्हा मोटनं पीठ त्यान्हा तोंडमा बसनं. दोष मन्हा शे, तिन्हा नही."

तेवढ्यावर थांबला असतात तर मुकादमी राहिली असती. पण तुम्ही मोट बंद ठेवून, खाणीचं पाणी आधी साचून गाळ खाली बसावा म्हणून नाल्याच्या वर मोठा खड्डा खणायला लावलात. ठेकेदारानं दुसरा मुकादम आणला. आई म्हणाली, बरं झालं, घरात धूळ कमी येईल, आणि चुलीकडे तोंड करून बसली. खड्डा मात्र राहिला, गावचे गडीच पुढे त्यातला गाळ काढायचे. त्या बाईला अडवायची कुणाची छाती झाली नाही. असा बाप मला मिळाला, याचं मला आजही नवल वाटतं.

हे पत्र कुठे धाडायचं नाही, म्हणून लिहिते. त्या बाईचं नाव पहिल्यांदा कुणी घेतलं, हे तुम्ही आईला विचारलं होतंत आणि तिनं माहीत नाही म्हणून सांगितलं. तिला माहीत होतं, आबा. रिकामा हंडा घेऊन घरी आले म्हणून ती रागावली, तेव्हा मीच म्हटलं की त्या बाईनं तुंबडी बुडवली. मी तिला बुडवताना पाहिलंसुद्धा नव्हतं.