खुर्चीचं तोंड

४ नोव्हेंबर, अमरावती
प्रणालीला लॅबमध्ये येऊन तीन महिने झाले नाहीत आणि सर मला म्हणतात, "तिला विचारून घे." माझं पीएच.डी.चं पाचवं वर्ष. विचारून घे म्हणे. यापुढे इथे नुसतं प्र. लिहीन. पूर्ण नाव लिहायला हात वळत नाही.

९ नोव्हें., अकोला
डोळ्यांवर चढवून आभासी गाव दाखवणारे हेडसेट घेऊन आलो. पातूरकडची शेतकरी माणसं बोलावलीत. स्टेशनवरून कॉलेजला जाताना मी मोबाइलवर नकाशा बघतोय, प्र. आपली गल्लीबोळांतून पुढे. "कॉलेज मावळतीले हाय ना दादा, मंग झालं." जन्म माझा अकोल्यातला. माणसाला रस्ता कसा सापडतो यावर प्रबंध माझा. जळफळाट झाला, दुसरा शब्द नाही.

१० नोव्हें.
तेच रडगाणं. हेडसेटमधल्या गावात फिरवून आणायचं, मग विचारायचं, मारुती कुठे? बोट भलतीकडेच. प्रबंधात लिहून ठेवलंय, यांना पडद्याची सवय नाही.
चहा घेऊन परत आलो तर प्र.ने खुर्ची फिरवलेली. एक काका म्हणाले म्हणे, "पोरी, उगवती तिकडं हाय, अन् यातला सूर्य इकडून काहून निंगून राह्यला?" हेडसेटमधली पूर्व कायम समोर. खुर्चीचं तोंड मात्र दक्षिणेला होतं, लॅबमध्ये असतं तसंच, कारण प्लग तिकडे. हिने पूर्वेला केलं. "काकाले बरं वाटावं म्हनून."
सगळ्यांसमोर झापलं. विचारल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही. "चुकलं दादा." बरं वाटलं मला.

१२ नोव्हें., अमरावती
खुर्ची फिरवल्यानंतरची सगळी बोटं बरोबर मारुतीवर. आधीच्यांची चूक एकाच बाजूला, नेमकी काटकोनाएवढी. म्हणजे ती माणसं चुकतच नव्हती, खरी पूर्व धरून दाखवत होती. दोन वर्षं हे आकडे समोर होते आणि मी त्यांना अडाणी ठरवत बसलो.
प्र.ला पत्ताच नाही आपण काय केलंय ते. म्हणजे कोणालाच नाही.

१५ नोव्हें.
सरांना दाखवलं. उठून उभे राहिले. "कोणाला सुचलं हे?"
"अकोल्याला लक्षात आलं," म्हटलं. तसं खोटं नाही...
"पहिलं नाव तुझं. गुरुवारपर्यंत शोधनिबंध पाठव."
बाहेर प्र. उद्याच्या लोकांसाठी खुर्ची मांडत होती. तोंड दक्षिणेला. "तुमी बोलले ना दादा, हात लावू नको. आधी होती तशीच ठेवली."
ती गेल्यावर मीच फिरवली.

२० नोव्हें., गुरु.
निबंध तयार. पाचपर्यंत पाठवायचाय. सरांचा दोनदा फोन. माझ्या नावाआधी जागा करून 'प्र' टाइप केलं, तिथेच थांबलोय. हिला काय, आणखी दहा गोष्टी सुचतील. मला हीसुद्धा सुचली नाही.
प्र. दारातून म्हणाली, "दादा, डबा खाले चला, आईनं तुमच्यासाठी बी भाकर देली."
साडेतीन झाले. 'प्र' अजून तेवढंच.