धोंडीला दिलेला बेडूक

खर्डा, २१ जुलै १९७२

माझा केशरी मांड्यांचा बेडूक मेला. या दुष्काळात मिळालेला एकुलता एक. अजून एकदाही ओरडला नव्हता. आवाज ऐकल्याशिवाय ही नवी जात आहे, हे कुणाला पटवू?

घरमालकीण पारूबाईंनी तो बादलीतून काढून पावसासाठी दारोदार पाणी मागत निघालेल्या धोंडीला दिला. पोरांनी मुसळाला बांधून गावभर फिरवला, उन्हात वाळला. वर मलाच म्हणतात, "शिवारात बेडूक घावना, मास्तर. पाऊस काय तुमाला नको हाय?"

पण चीड त्यांची नाही, माझीच येते. दुपारी धोंडी दारात आली, तेव्हा कडुनिंबाच्या पाल्यातून त्या केशरी मांड्या मला दिसल्या होत्या. चांगल्या दिसल्या होत्या. वाटलं, वा, दुसरा सापडला! आणि खुशीत मी धोंडीवर आणखी एक तांब्याभर पाणी ओतलं.