नायरकाकांचा चेंडा

रविवार. फुलपाडा.

आमच्या सोसायटीच्या कार्यक्रमात आज केरळच्या कलाकारांसाठी वेळ ठेवला होता. शेजारचे नायरकाका चेंडा वाजवतात, म्हणजे केरळातला ढोल. काकू गेल्यापासून त्यांनी त्याला हात लावला नव्हता.

"इथे कोणाला कळणार?" म्हणत होते.

"कळायचं काय त्यात, काका? वाजवा."

मीच मागे लागले. स्टेजवर त्यांचा हात चुकला आणि ते थांबले. वाटलं, उतरणार आता. का भरीला घातलं मी त्यांना? तेवढ्यात माझी लेक सुजाता पुढे झाली, ढोल-पथकातला आपला ढोल घेऊन. तिने साधा ठेका धरला. काकांनी ऐकलं, काठ्या उचलल्या आणि मग थांबेचनात.

खाली उतरल्यावर मला म्हणाले, "उद्यापासून पाठव हिला. डावा हात फार कच्चा आहे."