चिकपेटच्या गल्लीत बाबा

ती. महानंदाअक्काला,

बेंगळुरूहून अहल्येचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (नाव बघून पत्र बाजूला टाकू नकोस. तू राखी बांधायचीस तो हात हाच, आता त्यात बांगड्या असतात एवढंच.) तुझे गुडघे काय म्हणतात? भावजींची साखर? तू फोन उचलत नाहीस, म्हणून पोस्टमनला कामाला लावलंय. घाबरू नकोस, मला तुझ्याकडून काही नको. नुसती हकिकत सांगायचीय.

तर आपली प्रणिता! कित्येक वर्षं पोरगी माझ्याशी बोलली नव्हती. बाप साडी नेसून जे. पी. नगरात वेगळा राहतो, हे तिला आणि तिच्या आईला पचलं नाही. आई तर अबोला धरूनच गेली. आणि परवा एचएसआर लेआउटमधून लेकीचा फोन, की सातवा लागलाय, डोहाळजेवणाची हिरवी साडी घ्यायला चिकपेटला येणार का? अगं, मी हो म्हणायच्या आधी रडले.

मग माझं शहाणपण बघ. कपाटातली सगळ्यात भारी इरकल काढली. शेजारच्या कृष्णाबाईंनी इतक्या पिना टोचल्या की बसायची सोय राहिली नाही. (बाजारात रेशीम नेसून गेलं की दुकानदार भाव चढवतो, हे मला कोण सांगणार?) मेट्रोतून उतरलो, गल्लीत शिरलो आणि आड आली आपल्या घराण्याची खोड! आपल्याकडचे पुरुष बायकांच्या पुढे चालतात आणि मागे वळून बघत नाहीत. मला साडी नेसता आली, ती चाल काही सुटली नाही. हातगाड्या, गाठोडी चुकवत मी तरातरा पुढे, आणि वळून बघते तर पोटुशी पोरगी गायब! इतक्या वर्षांनी मिळालेली लेक भर बाजारात घालवली म्हणून कपाळावर हात मारतेय, तेवढ्यात मागून खणखणीत हाक आली, "बाबाऽ! थांब ना!"

निम्मी गल्ली बाबांना शोधायला लागली, अक्का. मी हात वर करून "आले गं!" म्हणाले, तर एक हातगाडीवाला मलाच बाजूला सारून बाबांना वाट करून द्यायला लागला. साडीवाला त्याहून भला. त्यानंही हाक ऐकलेली. बाबा मागून येतील म्हणून एक स्टूल रिकामं ठेवलं, कॉफी तिघांची मागवली. प्रणितानं माझ्या खांद्यावर हात ठेवून त्याला कानडीत सांगून टाकलं, हेच माझे वडील. तो "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणाला आणि तिसरी कॉफी स्वतःच प्यायला. भाव मात्र एक पैसा उतरवला नाही मेल्यानं. परतीच्या मेट्रोत मी पदरानं डोळे पुसत होते आणि लेक माझ्या पिना काढत होती. इतकी खूश मी जन्मात झाले नव्हते.

भावजींना नमस्कार सांग, ते घेतील तर.

तुझी धाकटी,
अहल्या

ता. क. बेळगावचा कुंदा पाठवू नकोस, प्रणिताला डॉक्टरनं गोड कमी करायला सांगितलंय. (थोडा चालेल.)

आणखी ता. क. काही नको म्हटलं ते खोटं. माहेरची ओटी मीच भरायची, असं प्रणितानं सासरी जाहीर करून टाकलंय. आता आधी तांदूळ की नारळ, हे मला कुठून ठाऊक? तुम्ही बायका तेव्हा आम्हाला खोलीबाहेर हाकलायचात. तर डोहाळजेवणाच्या आदल्या दिवशीच ये आणि एकदा करून दाखव, माझ्यावरच. माझी ओटी अजून कुणी भरलेली नाही, अक्का.