नंतरच्यानं नाव सोडायचं

१० नोव्हेंबर, सौंसर

कॉन्व्हेंटमध्ये मधल्या सुट्टीत अमिता संत्रं सोलायची आणि फोडींवरचे पांढरे धागे डब्याच्या झाकणावर लांबीप्रमाणे मांडायची. तिचं मांडून होईपर्यंत मी फोडी संपवायची. सिस्टर म्हणायच्या, तुम्हा दोघींत मिळून एक शहाणी मुलगी होईल.

आज ते आठवलं, कारण तिच्या माहेरी राहायला आले आहे. अमिता श्रावणात गेली. दोघींनी जन्मभर एकच काम केलं: समुद्रातल्या बोटभर केसाळ कृमींच्या जाती लावल्या. ती कोकणच्या किनाऱ्यावर चिखल उपसायची, मी गोव्यात जाती ओळखायची. निवृत्त झाल्यावर तिनं सगळ्या बरण्या इथे आणल्या, जिथे समुद्र फक्त भूगोलाच्या पुस्तकात. राहिलेलं काम मी पूर्ण करणार आहे.

तिचा धाकटा भाऊ विजय पांढुर्ण्याच्या स्टेशनावर घ्यायला आला होता. त्याच्या बायकोनं, छायानं, पाटवडीचा झणझणीत रस्सा केला. वाढता वाढता म्हणाली, "ताई गेल्या, अन् हे किडे आमच्या गळ्यात! आता याईले तुमीच सांभाळा."

फार दिवसांनी पोटभर हसले.

१३ नोव्हेंबर

मागच्या खोलीत उजेड छान आहे. एकेक कृमी स्पिरिटमधून काढायचा, मायक्रोस्कोपखाली डोकं, जबडे, कडेचे केस पाहायचे, जात ठरवायची, पेन्सिलीनं चिठ्ठी लिहून बरणीच्या आतच टाकायची. शाई स्पिरिटमध्ये विरघळते.

छायानं डोळा लावला आणि ओरडलीच, "अवो माय! याले तं मिशा हायेत. अगदी मामंजीसारखा दिसून राहिला!" बाहेर विजय खोकला.

१६ नोव्हेंबर

शेवटच्या फळीवर एक छोटी बरणी सापडली. आत फिकट कृमी आणि अमिताच्या अक्षरातली चिठ्ठी. नवी जात. नाव माझं, उर्वशीवरून बेतलेलं.

आमच्या धंद्यात स्वतःचं नाव जातीला देणं असभ्य समजतात. म्हणून आम्ही ठरवलं होतं, एकमेकींचं द्यायचं. पण रीत अशी की आधी जीव नीट पाहायचा, चित्र काढायचं, वर्णन छापायचं. नाव सगळ्यात शेवटी. अमिताला तेवढा वेळ नव्हता. वर्णन नाही, नुसतं नाव देऊन गेली.

खूप रडले. हे मी छापणारच.

१८ नोव्हेंबर

अमितानं एक कच्चं चित्र ठेवलंय. त्यात कृमीला डोळे नाहीत. परवा मीही पाहिले नव्हते. आज दोन आहेत. अशा कृमींना असतात तसे काळे ठिपके नव्हेत, पापण्यांचे डोळे. डावी पापणी जरा उतरलेली.

माझी डावी पापणी लहानपणीच्या तापापासून तशीच आहे.

चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

२० नोव्हेंबर

कडेचे केस गळून बरणीच्या तळाशी पडलेत. त्या जागी बोटं फुटली आहेत. त्यांना नखं आहेत.

आणि माझ्या कमरेवर, दोन्ही बाजूंनी, राठ केसांची एकेक ओळ. छायाला दाखवली. तिच्या मते ती नागीण. तिनं कडुलिंब वाटून लावला, जामसांवलीच्या मारुतीला नारळ बोलली. केसांना हात लागताच मात्र तिनं हात मागे घेतला. त्या ओळी श्वासाबरोबर हलतात.

२२ नोव्हेंबर

कळलं. आधी नाव मिळालं, आता ते नावाजोगं शरीर बनवतंय. माझ्याकडून घेतं, त्याच्याकडचं मला देतं.

विजय म्हणतो, कन्हान नदीत फेकून येतो. मी नाही म्हटलं. मोकळं सोडलं तर ते माझं नाव घेऊन फिरेल.

आमच्या शास्त्राचा एक नियम आहे. एकच नाव दोघांना पडलं, तर आधीच्याचं राहतं. नंतरच्यानं नाव सोडायचं. मी आधीची आहे! या नावानं शाळेत हजेरी दिली, मार खाल्ला, प्रेमपत्रंसुद्धा घेतली. कृमीला देणार नाही.

भर दुपारी पायरीवर बसून चिठ्ठी जाळली. अमिता, रागावू नकोस. तुझी भेट परत करते आहे.

२३ नोव्हेंबर

छायानं अंगणातून हाक मारली. मला ऐकूच आली नाही, फक्त तळपायाला तिची पावलं जाणवली.

बरणीत त्यानं मात्र डोकं वळवलं. हाकेच्या दिशेनं.

चिठ्ठी नसली तरी त्याला आता —

२४ नोव्हेंबर

बरणीवर लिहिलं: जात अनिश्चित. नावासाठी हपापलेल्याला यापेक्षा मोठी शिवी नाही. वाचलं त्यानं. आतून नखांनी काच —

झाकण सैल झालं होतं. घट्ट केलं. मनगट वळत नाही. हाडच नाही जणू.

छापणार नाही. तू मला कापलंस तरी नाही.

२५ नोव्हेंबर

बरणी रिकामी. कपाटाच्या आड कुणी माझी साडी नेसतंय.

छाया, पेन्सिल जबड्यात धरली आहे, अक्षर लावून घे.

निळी इरकली तुला. पुस्तकं पांढुर्ण्याच्या कॉलेजला. मायक्रोस्कोप प्रज्ञाला — माझी विद्यार्थिनी, विजयकडे नंबर आहे.

खोलीतून बाई येईल. चष्मा माझा, चाल माझी. तिला काही देऊ नकोस. चहा नाही. हाक तर नाहीच —

टेबलावर बोटभर जे उरेल, ते प्रज्ञाला. खारं पाणी घाल. स्पिरिट नको, जिवंत आहे. आणि चिठ्ठीवर तिनं लिहावं, पेन्सिलीनं, आधीचं नाव, उर्व