क्षिप्राच्या घराला अट नाही

मी, अहिल्या सूर्यकांत टिल्लू, वय एकाहत्तर, केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त, राहणार वैशाली, गाझियाबाद, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोकं ठिकाणावर आहे.

१. माझा फ्लॅट माझी एकुलती एक मुलगी केतकी हिच्याकडे तिच्या हयातीत राहावा व तिच्या पश्चात नात क्षिप्रा हिला मिळावा.

या कलमात आधी एक अट होती: क्षिप्राला सगळ्या लसी दिल्या, तरच. माझा धाकटा भाऊ दामू लहानपणी घटसर्पाने गेला. श्वासासाठी चाललेली त्याची धडपड मी पाहिली आहे. म्हणून केतकीच्या पहिल्या बाळाला लस देताना मीच मांडीवर घेऊन बसले होते. त्याच आठवड्यात बाळ तापाने गेलं. मेंदूज्वर होता, लसीचा संबंध नाही, असं डॉक्टरांनी समजावलं. मला पटलं, केतकीला नाही. तिने मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर भांडता तरी आलं असतं.

क्षिप्राला तिने एकही लस दिली नाही. पोलिओचे डोस घेऊन कोणी आलं की दार बंद. यंदा इंदिरापुरमच्या नव्या शाळेने लसीकरणाचं कार्ड मागितलं, तर तिने प्रवेशच सोडला. जावई म्हणाले, "आई, शाळेचं बिल्कुल बरोबर आहे. पण हिच्यापुढे माझं चालत नाही."

अट वाचून केतकी म्हणाली, "शाळेने जबरदस्ती केली, आता तूही? माझं एक मूल गेलंय, आई. नको मला घर."

"मला क्षिप्रा हवी आहे गं."

"आणि मला नकोय?"

अट मी खोडली आहे.

२. पाटल्या केतकीला. मारुती जावई प्रतीकरावांना. क्लच जड आहे, सांभाळून.

३. सोसायटीच्या सेक्रेटरींना माझ्या तेराव्याला बोलावू नये. "ऐसे बच्चों को पार्क में मत भेजिए," असं ते भर मीटिंगमध्ये केतकीला म्हणाले. त्यांची भीती खोटी नव्हती. पण क्षिप्रा तिथेच उभी होती.

४. सज्ञान झाल्यावर लसीचा निर्णय क्षिप्राने स्वतः घ्यावा. तोवर तिला काही होऊ नये, हे कोणत्या कलमात लिहायचं, असं मी वकिलांना विचारलं. ते कागद आवरत राहिले.

सही: अहिल्या सू. टिल्लू
आमच्यासमोर सही केली, साक्षीदार:
सुधाकर रेगे, शेजारी
चंद्रप्रभा वानखेडे, मैत्रीण
वैशाली, गाझियाबाद, १४ जुलै २००३